लंडन जवळ की देवरूख?

नेटवर कुठल्याही दोन शहरांची नावं टाका, अंतर सेकंदात हजर! मुंबई–लंडन? साधारण 7,200 किलोमीटर, नॉनस्टॉप विमानाने नऊ ते दहा तास. आता आमचं देवरूख टाका. मुंबईहून रस्त्याने तीनशेच्या थोडं वर. वेळ? घाटात ट्रॅफिक नसेल आणि गणपतीचे दिवस नसतील तर आठ तास. मग बॉस, जवळ काय?

हसू नका, ही जुनीच गंमत आहे. एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं 8 जून 1948 ला. आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू व्हायला 1998 उजाडलं. मध्ये तब्बल 50 वर्षं!

बरं, विमानाचा आकडा तरी पक्का असतो का? तर नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना तासभर तरी वाचतो. त्यात तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा छापलेल्या. आपण लंडनच्या पुढे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. नुसती वजाबाकी केलीत तर फसलात!

हे गणित एरवी टाइमपास वाटतं. आमच्या घरात ते गेल्या पावसाळ्यात खरंखुरं करावं लागलं. आजी पहाटे गेली. तिचा लाडका नातू, माझा चुलतभाऊ, लंडनला. ओटीवर माणसं जमलेली आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न, ‘दादासाठी थांबायचं का?’ कुणीतरी म्हणालं, ‘नऊ तासांचं तर विमान आहे, संध्याकाळपर्यंत येईल की.’

काकांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. दादाच्या घरापासून एअरपोर्ट दीड तास. विमानाच्या आधी तीन तास. विमान नऊ. मुंबईत इमिग्रेशन, बॅगा धरून दीड. पुढे गाडीने देवरूख आठ. बेरीज 23, तीही तिकीट लगेच मिळालं तर. म्हणजे संध्याकाळ विसरा, दुसरा दिवस! काकांनी कागद बघितला आणि म्हणाले, ‘थांबू. पण बर्फ आत्ताच सांगून ठेवा.’ दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. त्याला आजीचं तोंड बघता आलं.

त्या कागदावरच्या 23 तासांत विमानाचे फक्त नऊ. बाकी सगळं जमिनीवरचं. आणि नेट आपल्याला सांगतं तेवढे नऊच!

तर मंडळी, तुम्ही बेंगळुरूला असा, दुबईत असा नाहीतर न्यू जर्सीत, या वीकेंडला एवढं कराच. आपल्या दारापासून गावच्या दारापर्यंतचे तास मांडा. रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, ती आपल्या स्टेशनवर थांबते का, ते बघा. आमच्या संगमेश्वर रोडला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि तिथून देवरूख आणखी वीसेक किलोमीटर. रात्री-अपरात्री येईल अशा एका गाडीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. पासपोर्टची मुदत तपासा. आणि जो आकडा येईल, तो आई-बाबांना फोन करून सांगा. नऊ तासांवर आहे, असं सांगू नका. खरा आकडा सांगा, म्हणजे वेळ आलीच तर थांबायचं की नाही, हे त्यांना ठरवता येईल.