ढवळणारा हात

‘आईसारखी कढी होत नाही’ ही पुण्यातली घरोघरची तक्रार. दोष दिला जातो पिशवीतल्या ताकाला. पण आर्मेनियाकडे पाहा. तिथेही दह्याचं ‘स्पास’ नावाचं सार करतात. त्यात शिजवलेले गहू घालतात आणि दही फुटू नये म्हणून पीठ व अंडं. आपण त्याचसाठी ताकाला बेसन लावतो; पिठातला स्टार्च प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही. तरीही दोन्हीकडे अट एकच : मंद आच आणि सतत ढवळणारा हात. खळखळून उकळली की कढी फुटलीच!

कृती पुस्तकात मिळते. हात मात्र ओट्याशी उभं राहूनच तयार होतो. तिथे आजवर आपण मुलींनाच उभं केलं. आता मुलग्यांच्या हातीही पळी द्या. नाहीतर ही कढी आईबरोबरच संपेल.