पंखा आणि दिवा : दोन बटणें

एकत्र कुटुंबांत मधल्या खोलीस विश्रांति अशी ठाऊकच नसते. दुपारीं तेथें आजी पडलेली असते, रात्रीं तेथेंच नातवंडांचा अभ्यास चालतो. अशा खोलींत पंखा व दिवा एकाच बटणाला जोडलेले असले, म्हणजे वारा हवा असणारानें उजेड सोसावा, नाहीं तर घामांत निजावें, एवढेच दोन मार्ग उरतात. त्यांतून रेग्युलेटरही त्याच वाटेवर असला, तर पंखा मंद करतांच दिवा मिणमिणतो, एल.ई.डी. दिवा तर लुकलुकूं लागतो.

यावरील उपाय समजण्यास फारसें शास्त्र नको. वीज फेजच्या तारेनें येते व न्यूट्रलच्या तारेनें परतते. परतीची तार दोघांस सामाईक चालते. येण्याची वाट मात्र बटणापासून पुढें प्रत्येकाची स्वतंत्र हवी. म्हणून बोर्डावर फेज दोन बटणांस द्यावी; एकापासून तार थेट दिव्याकडे जावी, दुसऱ्यापासून रेग्युलेटरमधून पंख्याकडे. छतापाशीं फेजच्या दोन, न्यूट्रलची एक, आणि पंख्याच्या धातूच्या अंगास जोडावयाची अर्थिंगची हिरवी एक, अशा चार तारा दिसल्या पाहिजेत. जुन्या घरांत एक तार कमी पडते, आणि आळशी कारागीर हिरवीलाच फेज करून मोकळा होतो. हें कदापि चालूं देऊं नये. पंख्याचें अंग निराधार होतें तें होतेंच. शिवाय पुढें येणारा मनुष्य ती तार हिरवी पाहून निःशंकपणें हातीं धरणार! काम परवानाधारक वायरमनाकडूनच, मेन स्विच बंद करून घ्यावें आणि नवी तार ओढवून घ्यावी.

दुसरा दोष याहून लबाड. बटण फेजऐवजीं न्यूट्रलवर बसविलें तरी दिवा लागतो आणि विझतोही. नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक येथें पुरा जुळतो, परंतु त्यावरून बटण कोठें आहे हें सिद्ध होत नाहीं. दिवा विझलेला दिसतो, होल्डर मात्र जिवंतच राहतो. बटण बंद आहे म्हणून स्टुलावर चढून दिवा बदलूं पाहणाराच्या जिवावर बेततें. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतही न्यूट्रलवर एकटें बटण बसविण्यास मनाई होती. काम झाल्यावर वायरमनाला बटण बंद ठेवून होल्डर तपासून दाखवावयास सांगावें. त्यांत संकोच कसला?

पंखा इन्व्हर्टरवर व दिवा नुसत्या मेनवर ठेवावयाचा असेल, तर मात्र न्यूट्रलही वेगळी हवी. ती सामाईक राहिली तर गळती ओळखणारें आर.सी.सी.बी. वारंवार उडतें.

तार ओढणें अगदींच अशक्य असेल, तर रिमोटचा बी.एल.डी.सी. पंखा घ्यावा. त्याचा जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो, भिंतीवरील बटण सतत चालू ठेवावें लागतें, म्हणजे त्याच बटणावरचा दिवा मोकळा करून बोर्डाजवळ भिंतीवर घेणें आलेंच. रिमोट मात्र दोरीनें खिळ्याला बांधावा. आमच्याकडील अनुभव असा, कीं तो उशीखालीं सांपडतो किंवा सांपडतच नाहीं.