ही गैरसोय जपायला हवी

‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये खेळ सेव्ह करायचा तर टाइपरायटर गाठावा लागतो, आणि तो गाठला तरी जवळ शाईची रिबन असावी लागते. दर सेव्हला एक रिबन खर्ची पडते. रिबनी मोजक्याच, त्याही खेळातल्या हवेलीभर विखुरलेल्या. जपानच्या कॅपकॉम कंपनीने मार्च १९९६मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आणलेला हा खेळ. आपोआप सेव्ह होणाऱ्या खेळांवर वाढलेल्या आजच्या खेळाडूला ही सक्ती म्हणजे जुन्या काळाची खोड वाटेल. मात्र हा आणि याच कुळातले ‘सर्व्हायव्हल हॉरर’ खेळ आज पुन्हा खेळायला घेतले, की भीतीचा किती मोठा वाटा असल्या सक्तीतून येत होता हे कळते.

या खेळातल्या दोन पात्रांपैकी ख्रिसला सहाच वस्तू जवळ बाळगता येतात, जिलला आठ. किल्लीही एक जागा अडवते, जखमेवरची वनस्पतीही आणि रिबनही. समोरच्या झॉम्बीवर गोळ्या खर्च कराव्यात, की त्याला चुकवून पळावे? पुढचे दार उघडावे, की मागे फिरून एक रिबन संपवावी? महिनाअखेरीच्या घरखर्चासारखा हा हिशेब डोक्यात सतत चालू राहतो. या हिशेबाचे मूळ १९८९च्या ‘स्वीट होम’मध्ये आहे. कियोशी कुरोसावा यांच्या चित्रपटावरून तोकुरो फुजिवारा यांनी हा खेळ फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी केला. त्यात पाच माणसे, प्रत्येकाकडे एकेक खास साधन, आणि मेलेला माणूस पुन्हा उठत नाही. किती जण वाचले त्यावर शेवट ठरतो. ‘रेसिडेंट ईव्हिल’ची सुरुवात याच खेळाची नवी आवृत्ती करण्याच्या कल्पनेतून झाली आणि दिग्दर्शन शिंजी मिकामी यांच्याकडे गेले.

या खेळांतल्या पुष्कळ गोष्टी यंत्राच्या दुबळेपणातून आल्या, हे मान्य करायलाच हवे. १९९२मध्ये फ्रान्सच्या इन्फोग्राम्ससाठी फ्रेडरिक रेनाल यांनी ‘अलोन इन द डार्क’ केला तेव्हा पूर्ण त्रिमितीय घर दाखवण्याची ताकद घरगुती संगणकात नव्हती. म्हणून रंगवलेल्या स्थिर पार्श्वभूमीवर त्रिमितीय माणसे फिरवली आणि कॅमेरा जागच्या जागी खिळला. कॅमेऱ्याची जागा दर खोलीत बदलते, त्यामुळे ‘वर’चे बटण दाबले की पात्र स्वतःच्या तोंडासमोर चालते, पडद्यावर वर नव्हे. रणगाडा चालवावा तशी ही चाल अनेकांना आज असह्य होते. पण कोपऱ्यापलीकडे काय आहे हे कॅमेरा दाखवत नाही, फक्त कुणाच्या तरी पावलांचा आवाज ऐकू येतो, आणि वळून पळायला क्षणभर उशीर होतो. हा उशीर काढून टाकला तर त्या खोलीत घाबरण्यासारखे फारसे उरत नाही. कोनामीच्या ‘सायलेंट हिल’मधले (१९९९) धुके तर प्रसिद्धच आहे. दूरचे शहर प्लेस्टेशनला पेलत नव्हते म्हणून ते आले, आणि त्यानेच गावाला चेहरा दिला. त्यात नायकाच्या खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरतो. म्हणजे दिसण्याआधी कानाला कळते, पण कुठून ते कळत नाही.

कानावर सगळा भार टाकण्याचा प्रयोग केंजी एनो यांनी आणखी टोकाला नेला. त्यांच्या ‘एनिमी झीरो’मध्ये (१९९६) शत्रू दिसतच नाहीत, आवाजाच्या चढउतारावरून त्यांचा ठाव घ्यायचा. त्याआधीचा त्यांचा ‘डी’ दोन तासांत संपवावा लागतो, मध्ये थांबण्याची किंवा सेव्ह करण्याची सोय नाही.

प्रयोग खेळाडूला न सांगता करण्यात मात्र ‘सायलेंट हिल २’ला (२००१) तोड नाही. मृत पत्नीचे पत्र आल्यामुळे जेम्स सदरलँड त्या धुकट गावात येतो. शेवट कोणता होणार, हे कुठल्याही संवादातल्या निवडीवर ठरत नाही. जखमी असताना तुम्ही लगेच उपचार करता की तसेच भटकता, वाटेत भेटलेल्या अँजेलाचा चाकू बॅगेतून काढून वारंवार न्याहाळता का, पत्नीचा फोटो पाहता का, सोबतच्या मारियाला किती सांभाळता, याची नोंद खेळ गुपचूप ठेवतो. जखमेची पर्वा न करणाऱ्या आणि चाकूकडे पाहत राहणाऱ्या खेळाडूचा जेम्स आत्मनाशाच्या शेवटाकडे झुकतो. हे पहिल्या खेळीत कळत नाही. दुसऱ्यांदा खेळताना माहीत असते, आणि मग चाकू उघडून पाहण्यासारखी क्षुल्लक कृतीही जड होते. पुन्हा खेळल्यावर भीती ओसरते म्हणतात. इथे ती जागा बदलते.

आपला खेळ लोक पुन्हा खेळणार, हे मिकामींनाही पुरते ठाऊक होते. २००२मध्ये त्यांनीच गेमक्यूबसाठी ‘रेसिडेंट ईव्हिल’ नव्याने केला. मूळ खेळात एका बोळात खिडकीची काच फोडून कुत्री झेपावतात. तो धक्का खेळलेल्या प्रत्येकाच्या लक्षात असतो. नव्या खेळात पहिल्यांदा तिथून जाताना काचेला फक्त तडा जातो. जुना खेळाडू सुटकेचा श्वास टाकतो, आणि कुत्री पुढच्या फेरीत येतात. मूळ खेळात मारलेला झॉम्बी कायमचा संपत असे. इथे त्याचे डोके उडवले नाही किंवा केरोसीन टाकून जाळले नाही, तर तो कालांतराने लालभडक, अधिक वेगवान होऊन उठतो. ज्या मार्गिका आपण साफ केल्या म्हणून निर्धास्त होतो, त्याच उलटतात. खेळ पूर्ण केल्यावर अदृश्य शत्रूंचा एक प्रकारही खुला होतो. राक्षस कुठे उभे असतात हे पाठ असलेल्यालाच तो झेपेल. आठवणीला फसवणारी अशी नवी आवृत्ती क्वचितच पाहायला मिळते.

बाकी प्रयोगही कमी नाहीत. ‘फेटल फ्रेम’मध्ये शस्त्र म्हणजे जुना कॅमेरा, आणि भूत अंगावर येण्याच्या ऐन क्षणी टिपलेला फोटो सर्वांत घातक. ‘सायरन’मध्ये शत्रूच्या डोळ्यांनी पाहता येते, म्हणजे आपण लपलेलो असताना तो आपल्याकडेच येताना त्याच्याच नजरेतून दिसतो. ‘इटर्नल डार्कनेस’ने तर पात्राला सोडून थेट खेळाडूला गाठले: पात्राचे भान सुटू लागले की टीव्हीचा आवाज कमी झाल्याचा किंवा सेव्ह पुसले गेल्याचा खोटाच देखावा पडद्यावर येतो.

प्रत्येक गैरसोय पूजनीय आहे, असे नाही. ‘सायरन’मधल्या काही मोहिमा पुढे काय करायचे याचा साधा सुगावाही देत नाहीत, आणि त्या आजही निव्वळ वेळखाऊ वाटतात. २००५च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये मिकामींनी स्थिर कॅमेरा टाकून दिला, तो निर्णय त्या खेळासाठी योग्यच होता.

चिंता आहे ती नव्या आवृत्त्यांनी जुन्यांची जागा बळकावण्याची. २०१९चा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ उत्तम खेळ आहे, पण त्यात कॅमेरा खांद्यामागे आला आणि सर्वसाधारण पातळीवर रिबनी लागतच नाहीत. १९९८च्या मूळ खेळात एका पात्राने कपाटातली मशीनगन उचलली, तर दुसऱ्या पात्राच्या खेळीत ते कपाट रिकामे सापडते. हा धागा नव्यात तुटला. २०१२मध्ये ‘सायलेंट हिल’चे दोन भाग एचडी रूपात निघाले तेव्हा अंतिम सोर्स कोडच जपलेला नव्हता, धुके विरळ झाले आणि अपुरी दृश्ये उघडी पडली. अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा विकत मिळत नव्हते, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत आढळले. असे खेळ ग्रंथालयांना अभ्यासकांपर्यंत दूरस्थ पद्धतीने पोहोचवता यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. आपल्याकडे तर पुष्कळांना हे खेळ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या नकली सीडींतूनच भेटले. त्या सीडीही आता संपल्या.

मार्ग अवघड नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल’चे पहिले तीन मूळ भाग २०२४मध्ये जीओजी या पोलिश दुकानाने आजच्या संगणकांवर चालतील असे करून विकायला ठेवले, रिबनी आणि स्थिर कॅमेऱ्यासकट. त्याच वर्षी १९९५चा ‘क्लॉक टॉवर’ पहिल्यांदाच अधिकृत इंग्रजी रूपात आला आणि मूळ खेळही त्यात ठेवला गेला. प्रकाशकांनी रिमेक जरूर काढावेत, पण मूळ खेळ त्याच्या शेजारी विक्रीला असावा, ही अपेक्षा माफक आहे. कोनामीने २०२४मध्ये ‘सायलेंट हिल २’चा रिमेक आणला, आता २००१चा मूळ खेळही आजच्या यंत्रांवर आणावा. आणखीही खेळ वाट पाहत आहेत: ‘स्वीट होम’ जपानबाहेर कधीच अधिकृतपणे आलेला नाही, आणि ‘इटर्नल डार्कनेस’ २००२नंतर पुन्हा प्रकाशित झालेला नाही.