खालच्या गटाची कैफियत

कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी लिहिणारे बहुधा शाहू स्टेडियमवरच्या अंतिम सामन्याविषयीच लिहितात. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे येथील शाळकरी पोरांनाही पाठ असतात. कुस्तीचा वारसा सांगणाऱ्या तालमींनी फुटबॉल आपलासा करावा, हे आपल्या गावचे वैशिष्ट्यच. पण या नामांकित संघांच्या वरिष्ठ गटाखालीही एक फुटबॉल आहे. त्याची दखल कोण घेतो?

वरिष्ठ गटातले संघ लीगमध्ये साखळी सामने खेळतात.  लीग आटोपली की निरनिराळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा सुरू होतात, आणि तेथेही मान मुख्यतः वरिष्ठ संघांचाच. खालच्या गटातील संघाच्या वाट्याला लीगमधले मोजके सामने येतात. ते संपले की बूट खुंटीला! ज्याला सरावाची गरज अधिक, त्यालाच खेळायला कमी. हा न्याय उफराटा नव्हे काय?

कोणी म्हणेल, प्रेक्षक येतात ते मोठ्या संघांसाठी. स्पर्धेचा खर्च निघणार कसा? मुद्दा खोटा नाही. परंतु वरिष्ठ संघांना खेळाडू पुरवतो कोण? बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आणून एखादा चषक जिंकता येईल. पेठेतली पोरे त्याने तयार होत नाहीत. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण एका अनिकेतवर पिढ्यान्‌पिढ्या समाधान मानायचे काय?

खालच्या गटात खेळणारा मुलगा दिवसभर उद्यमनगरातल्या कारखान्यात राबतो, नाहीतर आपल्याच शेजारच्या बाकावर बसतो. त्याला मानधन नाही. गुडघा दुखावला तर औषधपाणी घरच्यांच्या खिशातून. वर चढण्याची आशा, एवढीच त्याची कमाई. ती आशा टिकवायची, तर प्रत्येक चषकात खालच्या गटाच्या विजेत्या व उपविजेत्या संघासाठी दोन जागा राखून ठेवाव्यात. सामना कोणत्याही गटाचा असो, मैदानावर प्रथमोपचार व स्ट्रेचर असलेच पाहिजे. आणि महाविद्यालयांनी सामन्याच्या दिवसाची गैरहजेरी माफ करावी. ही सवलत केवळ विद्यापीठाच्या संघापुरती नसावी.

यांत फार पैसा लागतो असे नाही, इच्छा लागते. ती आपल्यापासून सुरू व्हायला काय हरकत आहे? अंतिम सामन्याच्या गर्दीत आपण एरवीही असतोच. यंदा खालच्या गटाचा एक तरी सामना पाहायला जाऊ या. टाळ्या वाजवणारे शंभर हात तिथे अधिक मोलाचे ठरतील.