गाणे घरात वाजू द्या

दुपारच्या सुट्टीत आपल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलेल्यांकडे जरा निरखून पाहा. दहा जण असतील तर दहाही जणांच्या कानांत इअरफोन आणि दहांची गाणी निराळी. शेजारचा कशावर मान डोलावतो आहे हे कोणाला ठाऊक नसते. कोणी विचारतही नाही. मंदिरात शेजारी शेजारी उभे राहून प्रत्येकाने वेगळ्या देवाला हात जोडावेत, तसा हा प्रकार!

१९७९ साली जपानमध्ये सोनी कंपनीने पहिला वॉकमन विक्रीस काढला, तेव्हा त्याला इअरफोनच्या खाचा दोन होत्या. दोघांनी मिळून ऐकावे, मध्येच बोलावेसे वाटले तर एक कळ दाबून बोलावे, अशीही सोय त्यात होती. पुढच्या यंत्रांतून ती दुसरी खाच गेली. गिऱ्हाइकाला तिची गरज वाटत नाही असे दिसले असावे. यंत्र बनविणाऱ्यालाही सुरुवातीला वाटले होते की गाणे निदान दोघांचे असते. आज आपल्याला तेवढेही वाटत नाही.

माझे म्हणणे साधे आहे. संगणकावरचे गाणे तारेने घरातल्या स्टिरिओला जोडावे आणि साऱ्या घराने ऐकावे. यावर काही मित्र हसतात. स्टिरिओ म्हणजे दिवाणखाना, गालिचा आणि महागड्या तारांवर वाद घालणारे हौशी लोक, असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येते. (अशा तारांवर हजारो रुपये घालणारे लोक आहेत खरे, त्यांचे त्यांच्यापाशी.) आमच्याकडे दिवाणखाना नाही, दीड खोली आहे. आई ज्या घरी स्वयंपाकाला जाते, त्या मंडळींनी जागा बदलताना रिसीव्हर आणि दोन स्पीकर भंगारात काढले होते. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. आईने रिक्षा करून ते घरी आणले. लॅपटॉप माझ्या शिक्षणासाठी बाबांनी हप्त्यांवर घेतलेला, जुनाच. दोहोंना जोडणारी तार एकशेवीस रुपयांना मिळाली. एवढाच काय तो खर्च.

ही तार एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिनांची असते. एक बारीक पिन लॅपटॉपच्या इअरफोनच्या खाचेत जाते, आणि लाल-पांढऱ्या दोन पिना रिसीव्हरच्या पाठीमागे; लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. पाठीमागे खाचांच्या चारपाच जोड्या असतात. ऑक्स, टेप, सीडी यांपैकी कोणतीही चालते. फक्त ‘फोनो’ असे लिहिलेल्या जोडीला हात लावू नये. ती तबकडीच्या सुईसाठी आहे. सुईकडून येणारा विजेचा संदेश अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. म्हणून तिथे तो खूप वाढवितात, शिवाय खर्जाचा भाग उचलून वरचा दाबतात, कारण तबकडी कापताना याच्या नेमके उलटे केलेले असते. संगणकाचा संदेश मुळातच तगडा. तो त्या खाचेत घातला तर गाणे फाटते आणि घुमते, आणि मग लोक म्हणतात, जुने यंत्र बिघडले. बिचाऱ्या यंत्राचा काही दोष नसतो.

घरघर ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. ती थांबली तर दोष स्पीकरमध्ये नसून विजेच्या वाटेत आहे असे समजावे. स्पीकरच्या वायरी लाल खुणेला लाल, काळ्याला काळी अशाच जोडाव्यात. एकाच स्पीकरची वायर उलटी लागली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात. ब्लूटूथनेही जोडता येते, नाही असे नाही. पण आधीच पिळून बारीक केलेले गाणे त्यात पुन्हा एकदा पिळले जाते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतलेले असते, दर मापाला १६ बिट, आणि डावा-उजवा असे मार्ग दोन. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट झाले. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो. वाणिज्य शाखेच्या मित्रांनी हिशेब तपासून पाहावा.

एवढे करून मिळते काय? पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने पावते. लॅपटॉपच्या पोटातल्या बोटभर स्पीकरला इतके खालचे पेलत नाही. तेवढी हवा हलवायची ताकद त्याच्यात नाही. वरच्या स्वरांवरून खालचा स्वर आपला कानच कल्पून घेतो. तबल्याची चाटी ऐकू येते, डग्गा नुसता कळतो. आठ इंची पडद्याचा स्पीकर लावला की डग्ग्याचा घुमारा जमिनीतून तळपायाला लागतो. आमच्या स्पीकरची जाळी फाटलेली आहे, तरी लागतो.

दोन स्पीकर आहेत म्हणून सगळे गाणे डावे-उजवे असलेच पाहिजे असेही नाही. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ गतीच्या तबकड्या एकाच मार्गाच्या आहेत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. अशा कितीतरी तबकड्या आता इंटरनेटवर ऐकायला सापडतात. रिसीव्हरवर ‘मोनो’ असे बटण असते, ते दाबून त्या लावाव्यात. आमच्या घरात एक जण चुलीपाशी, एक कॉटवर, एक दारात असतो. त्यांना डावे-उजवे काय कामाचे?

इथे आपल्या भाषेची एक गंमत सांगावीशी वाटते. ‘आवाज’ या एकाच शब्दात आपण ध्वनीही घालतो, कंठही घालतो आणि मोठेपणाही घालतो. ‘आवाज आहे त्याच्या गाडीला’ म्हणजे कानठळ्या बसतात. मिरवणुकीतल्या भिंतींनी मोठ्या स्पीकरचे नाव इतके खराब केले आहे की आमच्या घरी ही पेटी आली तेव्हा शेजारच्या काकू तक्रार करायला आधीच येऊन उभ्या राहिल्या. पेटी अजून सुरूही झाली नव्हती! पण चांगल्या स्पीकरचा खरा गुण हळू लावल्यावर दिसतो. पातळ भिंतीच्या चाळीत आम्ही ती रोज लावतो, आणि काकू आता दारात बसून ऐकतात.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र वजनदार आहे, आणि ते बहुधा मुलींकडूनच येते. घरात टीव्हीचा रिमोट वडिलांच्या किंवा भावाच्या हाती. इअरफोन आला तेव्हा कोठे आम्हाला आमच्या आवडीचे काही ऐकता आले. ते सोडून पुन्हा सगळ्यांच्या पंगतीत का बसावे? हे खोटे नाही. परंतु इअरफोनने मला मिळाला तो एक कोपरा. घरात काय वाजावे याबद्दल बोलण्याचा अधिकार त्याने मिळाला नाही. तो तारेने मिळाला. संगणक मला चालविता येतो, इतरांना येत नाही, म्हणून गाणे लावणारी मी. बाबांना आता ‘जरा ते लाव ना’ असे म्हणावे लागते. अर्थात मलाही त्यांचे ऐकावे लागते, आणि त्यांचे पंधरा मिनिटे संपून माझी पाळी कधी येते यावरून आमची भांडणे होतात. तरीही ती मला हवीशी वाटतात.

कारण असे की आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. समाजशास्त्राच्या वर्गात काय शिकविले ते घरी सांगू जाते तेव्हा आई मायेने मान हलविते, आणि विषय तिथेच राहतो. दोष तिचाही नाही, समाजशास्त्राचाही नाही. शिकणारे मूल उंबरठा न ओलांडताच घरातून थोडे थोडे निघून जात असते, आणि त्यात कानही बंद करून बसले तर उरलेसुरलेही जाते. परवा प्रल्हाद शिंदे यांचे एक गाणे लावले, तर दिवसभर हमाली करून आलेले बाबा तोंड धुता धुता पुढची सगळी कडवी म्हणू लागले. कोठे, कोणत्या गल्लीत, कोणत्या जयंतीला ते प्रत्यक्ष ऐकले ते सांगत बसले. गेल्या एकोणीस वर्षांत मी त्यांना गाताना ऐकले नव्हते. आजीला इअरफोन कानात ठरत नाही. तिलाही त्या दिवशी दोन शब्द सुचले, आणि बाबांचे एक कडवे चुकले असे तिने ठणकावून सांगितले.

आता एक सूचना, थेट प्राध्यापकवर्गाला. आपल्या मराठी विभागाच्या कपाटात एक जुना ॲम्प्लिफायर स्पीकरसकट धूळ खात पडून आहे, आणि दहा पावलांवर संगणक आहे. नाट्यसंगीतावरची टिपणे आम्ही फळ्यावरून उतरवून घेतो. ते नाट्यसंगीत वर्गात एकदाही वाजलेले नाही. तार मी आणते. शनिवारी शेवटचा तास साडेबाराला संपतो, त्यानंतर ती खोली रिकामी असते.