विश्लेषण : मुलांच्या ताटात तेल आहे, पण कोणते? विदर्भातील जवसाचे महत्त्व काय?

कुपोषणाची चर्चा वजन आणि उंचीभोवती फिरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. मात्र मुलांना कोणत्या प्रकारचे तेल मिळते, हे वजनकाट्यावर कळत नाही.

आवश्यक मेदाम्ले म्हणजे काय?

लिनोलेइक (ओमेगा-६) आणि अल्फा लिनोलेनिक (ओमेगा-३) ही दोन मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्यांची गरज दाखवून दिली. पेशींची आवरणे, मेंदू आणि डोळ्यांच्या वाढीसाठी ती लागतात.

रक्तातून काय कळते?

ही मेदाम्ले कमी पडली की शरीर ‘मीड आम्ल’ हे पर्यायी मेदाम्ल बनवू लागते. रक्तात ते वाढणे ही कमतरतेची खूण. पण ही नेहमीची तपासणी नव्हे. त्यामुळे लक्ष आहारावरच द्यावे लागते.

विदर्भात अडचण कुठे?

सरकी आणि सूर्यफूल तेलात ओमेगा-६ भरपूर, ओमेगा-३ मात्र नगण्य. सोयाबीन तेलात ते सुमारे ७ टक्के, तर जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास असते. पूर्व विदर्भात उभ्या धानाच्या ओलीवर जवस पेरण्याची पद्धत जुनी आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या पिकाचे संशोधन केंद्रही आहे. तरीही राज्यातील जवसाचे क्षेत्र खूप घटले. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज ५ ग्रॅम, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७.५ ग्रॅम तेल ठरले आहे. हा निकष प्रमाण सांगतो, मेदाम्लांचा समतोल नाही.

घरी काय करता येईल?

जवस भाजून, कुटून चटणी करावी. अख्खे दाणे पचत नाहीत. दोन लहान चमचे जवसाच्या पुडीतून साधारण एक ग्रॅम ओमेगा-३ मिळते. अमेरिकी मानकानुसार ४ ते ८ वर्षांच्या मुलाची रोजची गरज ०.९ ग्रॅम आहे. जवसाचे तेल तळणासाठी वापरू नये.

मर्यादा कोणत्या?

मेंदूला लागणारे ‘डीएचए’ शरीर जवसातून थोडेच बनवते. ते माशांतून थेट मिळते. शिवाय पोटभर अन्न आणि प्रथिने नसतील, तर केवळ चटणीने कुपोषण हटणार नाही. पण शेजारच्या शेतात पिकणारे जवस आहारात आणणे फार खर्चाचे नाही.