माहिती तंत्रज्ञान : नुसती बटणे दाबू नका

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मिळाले की आपल्या वस्तीतला पोरगा म्हणतो, "मी कॉम्प्युटर शिकलो." नोकरभरतीसाठी ते जरूर घ्यावे; पण तेवढे म्हणजे माहिती तंत्रज्ञान नव्हे. माहिती गोळा करणे, साठवणे, तिच्यावर प्रक्रिया करणे, ती पोहोचवणे आणि सुरक्षित राखणे, एवढा हा पसारा आहे. प्रोग्रामिंग, डेटाबेस, नेटवर्क, टेस्टिंग, सायबर सुरक्षा हे सगळे त्यातच येते.

आपला याच्याशी काय संबंध? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून बघा. कोणता रकाना सक्तीचा, कोणता दाखला जोडायचा, कशावाचून अर्ज पुढे सरकणार नाही, हे कोणीतरी ठरवून त्या यंत्रणेत लिहिलेले असते. पूर्वी बाबू अडवायचा, आता स्क्रीन अडवते. बाबूला निदान जाब विचारता येत होता. स्क्रीनला विचारायचा, तर तिची भाषा आली पाहिजे.

काही जण म्हणतात, कॉम्प्युटरला जात नसते. कॉम्प्युटरला नसेल, पण त्याच्यापुढे बसणाऱ्याला असते! दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याच्या आरोपावरून 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. 2023 मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. उगाच केली काय?

खाजगी आयटी कंपन्यांत आरक्षण नाही. म्हणून तिथल्या प्रतिनिधित्वासाठी लढायचे आणि त्याच वेळी कोड लिहिण्याइतके शिकायचेही. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला, कारण आपले म्हणणे मांडायला साधन आपलेच लागते. आज साधन बदलले आहे, गरज तीच आहे.

जय भीम!